अर्धा सिनेमा रिळावर

"ओ ताई, तो खुंटा आमच्या जागंत चाललाय!"

दर्शनाने उचललेला घण खाली ठेवला नाही. नेम धरून एक घाव घातला, मग आणखी एक, आणि तंबूचा खुंटा हातभर जमिनीत गेल्यावरच मान वळवली.

समोर एक तरुण उभा होता. एका हातात मोजायची टेप, दुसऱ्या हातात रेघा आखायच्या फक्कीची पिशवी, डोक्याला मफलर... आणि चेहऱ्यावर असं हसू, की हा भांडायला आलाय की लग्नाचं आमंत्रण द्यायला, तेच कळू नये. त्याच्या मागे नवाकोरा पांढरा टेम्पो होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं – 'ओमकार डिजिटल टॉकीज, आटगाव'.

"तुमची जागा?" दर्शना म्हणाली. "म्हशाच्या जत्रंत हितं कमळाकर टॉकीजचा तंबू लागतो. माझ्या जन्माच्या आधीपासून."

"म्हंजी जन्मापासून खुंटे ठोकताय. तरीच हात चांगला बसलाय!"

तिला हसू फुटणार होतं. तिने घणाचा दांडा आणखी घट्ट धरला आणि हसू कसंबसं आवरलं. भांडणाच्या पहिल्याच मिनिटाला हसणाऱ्या माणसाचं पुढे कुणी काही ऐकत नाही, एवढं तिला जत्रांनी शिकवलं होतं.

जत्रेतला तंबू-टॉकीज ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगायलाच हवं. मैदानात कापडी तंबू, पुढे पांढरा पडदा, मागे टेम्पो. टेम्पोच्या पत्र्याला खिडकी, आणि खिडकीतून पडद्यावर पडणारा उजेड. खाली घोंगडी अंथरून बसलेली माणसं. कमळाकर म्हणजे दर्शनाचे बाबा. टोकावड्याहून हा संसार घेऊन ते जत्रा करत, आणि सगळीकडे डिजिटल आलं तरी त्यांच्या टेम्पोत अजून रिळाची दोन मशीनं होती. गेली काही वर्षं ती मशीनं दर्शनाच चालवत होती. बाबांची नजर अधू झाली होती. तिची मात्र पंचक्रोशीतल्या कुणाहीपेक्षा तेज होती, आणि जीभसुद्धा.

घोळ असा झाला होता, की म्हसा गावच्या या बैलांच्या जत्रेत जागा तोंडीच ठरते. आधी दोन तंबू शेजारी शेजारी मावायचे. यंदा निम्म्या मैदानावर मोठा पाळणा आला. कमिटीतल्या निम्म्या लोकांनी दरवर्षीप्रमाणे बाबांना "या" म्हणून सांगितलं, उरलेल्या निम्म्यांनी या मफलरवाल्या ओमकारला सांगितलं, आणि एकमेकांना कुणीच काही सांगितलं नाही.

शेवटी सगळे सकुबाईकडे गेले. सकुबाई कमिटीवरची सगळ्यात जुनी बाई. बैलबाजारातले व्यापारीसुद्धा तिच्यापुढे आवाज खाली करत.

तिने दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जागा एक, तंबू एकच लागंल. पडदा पन एकच. उद्या एकच शिनेमा लावा. इंटरवलपात्तूर हिचा रिळावर, म्होरं ह्याचा त्या डिजिटलवर. फुकट दाखवा. कुनाचा आवडला ते लोकांना इचारू. ज्याचा आवडंल त्याची जागा, या सालापासनं कायमची."

"आणि हरणारा?" ओमकारने विचारलं.

"हरनारा घरी जाईल. दुसरं काय?"

परत येताना बाबांनी दर्शनाला बाजूला घेतलं. मग म्हणाले, "पोरी, बाकीच्या जत्रा आपन करतो त्या म्हशाच्या जिवावर. ही जागा गेली तर मशीनं इकायची. मंग रिळाचा हट्ट मी धरायचा नाय नि तू पन नाय."

"जागा नाय जायाची," दर्शना म्हणाली.

बैलांच्या शर्यतीचा एक जुना मराठी सिनेमा दोघांकडेही होता. तिच्याकडे पत्र्याच्या डब्यांत, त्याच्याकडे पुस्तकाएवढ्या पेटीत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन्ही टेम्पो खांद्याला खांदा लावून एकाच पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. आणि मग व्हायचं तेच झालं. पडदा ताणायला चार हात लागतात. दोन तिचे होते, दोन त्याचे.

"जरा डावीकडं घे," तो म्हणाला. 'ताई' आणि 'तुमी' सकाळच्या चहातच कुठेतरी विरघळून गेले होते.

"डावीकडंच हाय. तुजी नजर वाकडी."

"सकाळपासून एकीकडंच लागलीय. वाकडी झाली असंल."

तिने दोरीला असा हिसका दिला, की तो पडद्याला जाऊन चिकटला.

दुपारी एका रिळाचा जोड सुटला होता, तो लावायला ती बसली. ओमकार टेम्पोच्या दारात येऊन टेकला. आधी कल्याणच्या एका मल्टिप्लेक्समध्ये तो मशीनवर होता, पण तिथे सगळं पेटीतच होतं. रीळ त्याने हातात कधी धरलंच नव्हतं. ते त्याने मोकळेपणाने सांगितलं, आणि एक पट्टी उचलून उजेडात धरली.

चट्! त्याच्या हातावर तिचा फटका बसला.

"चित्राला बोट लावायचं नाय. कडेला धर. अंगठा नि बोट... असं."

तिने त्याचा अंगठा धरून पट्टीच्या कडेवर ठेवला. तिच्या हाताला फिल्म चिकटवायच्या द्रवाचा उग्र, गोडसर वास येत होता.

"सगळ्यांना असंच कडंकडंनं धरायचं का?" त्याने हळूच विचारलं.

"ज्याच्यावर डाग पडंल असं वाटतं, त्याला."

"आणि डाग पडला तर?"

"तर कापून जोडायचं. ते मला येतं." ती मान खाली घालून जोड दाबत राहिली. कान मात्र गरम झाले होते, आणि ते त्याला दिसले असतील म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "तुझा पडदा हलतो. सकाळी मी चाचणी बघितली. चित्र सारखं एवढुसं थरथरतं. ओरखडे तर पावसासारखे."

"नि डिजिटलचा हलतच नाय. भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्यासारखं वाटतं."

"चित्र हलणं म्हंजी मशीनचा दोष गो."

"मी घासून घासून तो दोष एवढुसा केलाय. आधी तर बैल नाचायचे."

तो खळखळून हसला. मग म्हणाला, "चल, माझी पण बघ. हरायच्या आधी कळू तरी दे, कशापुढं हरतेस."

असं म्हटल्यावर न जाणारी ती दर्शना नव्हती. त्याच्या टेम्पोत ना कार्बनच्या जळत्या कांड्यांचा वास, ना डबे, ना तेल. एक मशीन, एक पेटी, एक बटण. चाचणीसाठी पाच मिनिटांचा एक तुकडा त्याच्याकडे वेगळा होता. तंबूची दारं बंद करून त्याने तो लावला.

पडद्यावर नायिका बैलाला चारा घालत होती. हा प्रसंग दर्शनाने इतक्या वेळा दाखवला होता, की डोळे मिटूनही तो तिला दिसला असता. आणि आज तिला दिसलं, की नायिकेच्या डोळ्यांत पाणी आहे. तिच्या रिळावर ते पाणी कधीच दिसलं नव्हतं. घासून घासून ते केव्हाच पुसून गेलं होतं.

"ही रडतेय..." दर्शना म्हणाली.

"म्हंजी?"

"मला वाटायचं, ती नुसतीच बघतेय."

ओमकार यावर जिंकल्यासारखं काहीतरी बोलेल म्हणून ती तयारीत राहिली. तो बोलला नाही. फक्त तिच्याकडे पाहत राहिला, आणि त्या पाहण्यात चेष्टा अजिबात नव्हती. दर्शनाला वाटलं, आता इथे थांबणं बरं नाही. तरी ती तुकडा संपेपर्यंत थांबली.

दिवेलागणीला तंबू गच्च भरला. भजीच्या घाण्याचा वास, बाहेर बैलांच्या घंटा, थंडीने आखडून बसलेली माणसं. दर्शनाने कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणल्या. फर्रकन उजेड पेटला, आणि सिनेमा सुरू झाला.

त्या संध्याकाळी ती जसं मशीन चालवत होती, तसं पूर्वी कधी चालवलं नसेल. एका हाताने कांड्या पुढे सरकवायच्या, कान मशीनच्या तालावर, डोळे पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर. रीळ संपत आलं की त्या कोपऱ्यात क्षणभर एक काळा ठिपका येतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. पुन्हा ठिपका आला की झटक्यात उजेड इकडचा तिकडे. खाली बसलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही. त्या दिवशीही कुणाला काही कळलं नाही. शर्यतीच्या वेळी तंबूतली पोरं उठून उभी राहिली, व्यापाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि त्या गोंगाटात इंटरव्हल झाला.

दर्शना घाम पुसत बाहेर आली. ओमकार त्याच्या टेम्पोच्या पायरीवर बसला होता. चेहरा उतरलेला.

"चावी आली नाय," तो म्हणाला.

त्याच्या पेटीला कुलूप होतं, पण ते लोखंडी नव्हतं. प्रत्येक खेळाआधी कंपनीकडून मोबाइलवर परवानगी यायची, ती पेटीला दिली की सिनेमा उघडायचा. चाचणीच्या तुकड्याला ती लागत नसे, पुऱ्या सिनेमाला लागे. आणि जत्रेला एवढी माणसं लोटली होती, की सगळ्यांच्या मोबाइलने मिळून नेटवर्क बंद पाडलं होतं. शहरात ही अडचण त्याला कधी आलीच नव्हती. म्हशाच्या जत्रेत नेटवर्क बसतं हे बैलवाल्यालासुद्धा ठाऊक होतं, फक्त ह्याला नव्हतं.

बाबा दर्शनाच्या कानाशी आले. "म्होरले डबे लाव. लोक बसल्यात. जागा आपलीच."

ओमकारला ऐकू गेलं. तो उठून म्हणाला, "लाव गो. काका बरोबर बोलतात. मी हरलो."

दर्शना दोघांकडे पाहत उभी राहिली. जागा समोर होती. डबे उघडायचा अवकाश. मशीनं वाचली असती, बाबांचा तंबू वाचला असता. आणि तिला मात्र जन्मभर कळलं नसतं, की लोकांनी तिचा उजेड निवडला की मोबाइलच्या टॉवरने तिला निवडलं.

"हरायचं तर पडद्यावर हर," ती म्हणाली. "हितं पायरीवर बसून नाय. बाबा, स्पीकर लावा. इंटरवल लांबलाय सांगा, भजी खा म्हणावं."

"अगो पन..."

"बाबा, मी फुकटची जागा घेणार नाय."

तिने स्कूटी काढली. ओमकार मागे बसला, मोबाइल मशालीसारखा उंच धरून. मुरबाडच्या रस्त्याला लागल्यावर गार वारा अंगाला झोंबायला लागला. जत्रेचे दिवे मागे पडले.

"आली काय सिग्नलची रेघ?"

"नाय."

"आता?"

"नाय गो... दर्शना, का करतेस हे?"

"मला कळायला पाहिजे."

"काय?"

"लोकांना खरं काय आवडतं ते. अर्धवट कळलेलं मला चालत नाय."

तो तिच्या कानाजवळ वाकला. मग वाऱ्यातच म्हणाला, "मला एक गोष्ट पुरती कळलीय. सांगू?"

"पहिली चावी आण. मंग काय ते सांग."

एका वळणावर मोबाइल टिंग वाजला. चावी आली होती! ओमकारने आनंदाने दोन्ही हात वर केले आणि तोल जाऊन तिच्या खांद्याला धरलं. धरलं ते म्हशाला पोहोचेपर्यंत सोडलं नाही. दर्शनाला ते कळत होतं.

दुसरा अर्धा भाग पेटीतून सुरू झाला. लोक एकदम गप्प झाले. चित्र स्वच्छ, ठाम, कुठे थरथर नाही. दर्शना ओमकारच्या टेम्पोत उभी राहून पाहत होती. हाताला काही काम नव्हतं, त्यामुळे हात अवघडल्यासारखे झाले होते.

आणि पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका आला.

तिचा हात आपोआप उठला आणि समोर जे सापडलं ते तिने गच्च धरलं. ओमकारचं मनगट होतं.

"काय झालं?"

"ठिपका..."

तो हलकेच हसला. "जुन्या रिळावरून कॉपी केलीय. ठिपके पण आले. हितं त्यांना काय काम नाय. मशीन बदलायचंच नाय आपल्याला."

"माहितेय मला," ती म्हणाली, आणि तरीही दुसरा ठिपका येऊन जाईपर्यंत तिने मनगट सोडलं नाही. पुढच्या रिळाचा ठिपका यायची वेळ झाली, तेव्हा ओमकारने आपणच हात पुढे केला. पडद्यावर कोण जिंकत होतं, ते त्या दोघांपैकी एकालाही नंतर नीट सांगता आलं नसतं.

सिनेमा संपला. सकुबाई काठी टेकत पडद्यासमोर उभी राहिली. "बोला! पहिला आर्धा का दुसरा?"

"पहिला!" बैलवाले ओरडले. "त्यातलं बैल मातीतलं वाटलं. दुसऱ्यात धुवून आणल्यासारखं झालं!"

"आमाला दुसरा!" बायांच्या बाजूने आवाज आला. "तिचं डोळं दिसलं. इतक्या वर्सांत कदी दिसलं नव्हतं."

हात वर झाले. बायांची बाजू मोठी होती, म्हातारी माणसंही त्यांच्यात मिळाली, आणि मोजायची गरजच पडली नाही. सकुबाईने दर्शनाकडे पाहिलं. त्या पाहण्यात माया होती, पण निकाल तोच होता. "दुसरा," ती म्हणाली.

बाबा डबे उचलायला लागले. दर्शनाला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. खरंच वाईट वाटलं होतं, मग लपवायचं कशाला? डोळे पुसून वळली, तर समोर ओमकार.

"जागा तुमीच घ्या," तो म्हणाला. "चावीसाठी तू मला नेलं नसतंस तर तुझीच होती. मी सकुमावशीला सांगतो..."

"तोंडातून एक शब्द काढलास तर बघ!" ती उसळली. "लोकांनी दिलेलं तू मला दान करणार? मी हरले. चांगली हरले. तिचे डोळे मला पण दिसले दुपारी."

"मंग मी काय करू? तुला घरी जाताना बघत राहू? जमणार नाय मला ते." "रस्त्यात सांगणार होतो, तू चावी आण म्हणालीस. चावी आणली. आता ऐक. मला तू आवडतेस. तू घण मारत होतीस तेव्हापासून. जागा असो, नसो."

भोवती माणसं घोंगड्या झटकत होती, पोरं पडद्यासमोर सावल्या पाडत होती. दर्शनाने एक मोठा श्वास घेतला.

"मला पण आवडतोस," ती म्हणाली. एवढं साधं, की तिलाच नवल वाटलं. "पण नुसती मी येणार नाय. माझ्या डब्यांत किती सिनेमे हायेत, ठाऊक हाय? तुझ्या कंपनीकडं त्यांतले किती?"

"हा एक."

"बाकीचे कुणी बघायचेच नाय? ते पेटीत कधी जाणार नायत. आज लोकांना डिजिटल आवडलं, बरोबर हाय. रोज तुझा खेळ पहिला लाव. पण दुसरा खेळ रिळावर, माझा. ज्याला मातीतले बैल बघायचेत तो थांबंल. दोन माणसं थांबली तरी मी लावणार."

"आणि कुणीच नाय थांबलं तर?"

"तू थांबशील ना?"

"थांबेन."

"मंग झालं."

बाबा डबा हातात घेऊन केव्हाचे मागे उभे होते. "आनि मला कोन इचारनार?" ते म्हणाले. रागावायचा प्रयत्न करत होते, पण डबा त्यांनी खाली ठेवला.

ओमकारने मफलर काढून हातात घेतला. "काका, आईला उद्याच आटगावहून बोलावतो. रीतसर मागणी घालतो."

"तिला इचार आदी. ही हो म्हनंल तवाच खरं."

दर्शनाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती ओमकारच्या टेम्पोभोवती फेरी मारून आली होती आणि पत्र्यावर हात ठेवून उभी होती. तो चकचकीत, नवाकोरा पांढरा पत्रा, ज्यावर त्याने अजून एक ओरखडासुद्धा पडू दिला नव्हता.

"गाडीला एकच खिडकी हाय," ती म्हणाली. "तंबू एक, तर गाडी पण एकच. माझी दोन मशीनं हिच्यात आणायची, तर आणखी दोन लागतील. बाबा, पत्रा कापायची कातर द्या."

"आत्ता?" ओमकार घाबरून म्हणाला. "अगो, नवीन गाडी हाय..."

"ओमकार, हो म्हणतोस का नाय?"

त्याने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग खाली वाकून फक्कीची पिशवी उचलली, आणि पत्र्यावर आपल्या हाताने दोन चौकोन आखून दिले.